वाकडे टाके

झाडं-पाखरं एकमेकांना नावानं हाक मारायची, त्या काळची गोष्ट. उंबरावर शिंपी पक्ष्यांची शिवणशाळा होती. तिथं झाडावरच्या जिवंत पानाला टाके घालून घरटं शिवायला शिकवत. पण वारा सुटला की टाका चुकायचा.

दुभंगल्या शेपटीचे नवे हेडमास्तर कोतवालगुरुजी म्हणाले, "एवढा वेळ कशाला? पान तोडा, खाली बसा, शिवा. मग टांगा फांदीला!"

परीक्षा घ्यायला मोरदादा आले. सगळ्यांचे टाके कसे सरळ रेषेत! टिकली नावाची एकटी पोर मात्र अजून हलत्या फांदीवरच शिवत होती. तिचे टाके वाकडेतिकडे.

"हिला नापास करू?" मोरानं विचारलं.

"आज नको," शाळेतली सगळ्यात जुनी शिंपीणआजी म्हणाली. "अंडी घालायचे दिवस येऊ देत."

ते दिवस येईपर्यंत तोडलेली पानं वाळली आणि सरळ टाक्यांसकट गळून पडली. बिचाऱ्या पोरी रिकाम्या फांदीवर रडत बसल्या. कोतवालगुरुजी खाली मान घालून म्हणाले, "चला गं, पुन्हा शिकू. फांदीवरच."

काही दिवसांनी मोरदादा टिकलीच्या हिरव्यागार पानाजवळ येऊन ओरडले, "मग, निकाल कुठाय?"

"हळू बोला," आजी कुजबुजली. "आत झोपलाय."