हललेला दगड

पूर्वी सुवेणी नदीकाठच्या नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व उदकपालाच्या कुळात जन्माला आला आणि तरुणपणीच नगराच्या पाण्याची राखण त्याच्याकडे आली. तिथली रीत अशी होती: रोज सकाळी घाटावरच्या काळ्या दगडावर उभे राहून उदकपालाने नदीची पहिली ओंजळ प्यायची. तो प्यायला की ढोल वाजे, मग लोक घागरी भरत. तो प्यायला नाही, तर नदी नासवणाऱ्याचे काम बंद होई, मग तो कोणीही असो.

राणीचा भाऊ चंडसेन याने घाटाच्या वरच्या अंगाला निळीचे हौद बांधले. नदीत निळा गाळ उतरू लागला, मासे उलटे तरंगू लागले. बोधिसत्त्वाने ओंजळ सोडून दिली. ढोल वाजला नाही.

चंडसेनाने हौद हलवले नाहीत. राजाच्या कानी लागून त्याने दगडच हलवला आणि हौदांच्याही वर नेऊन बसवला.

"दगड तोच, नदी तीच, ओंजळही तुझीच," तो हसून म्हणाला. "रीत कुठे मोडली?"

बोधिसत्त्व राजसभेतल्या वृद्धांकडे गेला. ते म्हणाले, "बाळ, आम्हाला काय दिसत नाही होय? पण वेळ बघून वागावं. तू आपलं पाणी पी."

दुसऱ्या दिवशी तो वरच्या दगडावर पाणी प्यायला. पाणी गोड होते. खाली ढोल वाजला.

परतताना घाटावर रोहिणी कुंभारीण भेटली. तिच्या कडेवरचे पोर ओकून ओकून मलूल झाले होते.

"वा, उदकपालदादा! पाणी तुम्ही प्यायचं, आणि आम्ही काय ढोल प्यायचा?"

त्याची मान खाली गेली. पुढच्या सकाळी तो दगडावर कोरड्या हातांनी उभा राहिला. ढोल मुका राहिला, नगरात ओरड झाली आणि चंडसेन व सभेतले वृद्ध यांना घेऊन राजा स्वतः आला.

"पाणी वाईट आहे का?"

"नाही महाराज, फार चांगलं आहे. पण इथं कुणी घागर भरत नाही."

"पाणी पिणं एवढंच याचं काम, तेही होत नाही. काढून टाका याला," चंडसेन म्हणाला.

राजाने वृद्धांकडे पाहिले. ते आपापल्या पायांचे अंगठे न्याहाळत होते. बोधिसत्त्वाने अधिकाराचा शेला सोडून दगडावर ठेवला आणि तो घाटाकडे चालू लागला. राजाला राहवेना, तोही मागोमाग उतरला.

घाटावर रोहिणीने, आल्यागेल्याला विचारावे तसे, तांब्या पुढे केला. "महाराज, उन्हातून आलात. घोटभर पाणी घ्या."

राजाने तांब्या ओठांशी नेला, तोच चंडसेनाने त्याचे मनगट धरले.

"दाजी, ते नको!"

"का?" राजाने विचारले.

राजाने तांब्या खाली ठेवला आणि वरच्या हौदांकडे पाहिले.

हौद बंद झाले. बैल जुंपून दगड खाली आणला गेला. पुढे त्या दगडाला हात लावण्याचा अधिकार राजाने स्वतःकडेही ठेवला नाही. शेला पुन्हा बोधिसत्त्वाच्या खांद्यावर आला.

भिक्षु-भिक्षुणींना एवढे सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा चंडसेन म्हणजे आजचा देवदत्त, राजा म्हणजे आनंद, रोहिणी म्हणजे उत्पलवर्णा, आणि उदकपाल मीच होतो."

"आणि ते वृद्ध?" एका तरुण भिक्षुणीने विचारले.

"ते प्रत्येक जन्मात असतात," शास्ता म्हणाले.

या कथेतली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेला गुण, सत्याची. लोक जिथे पाणी भरतात, तिथेच उभे राहून सत्य बोलायचे असते.