काळ्याखाली काळा

त्या राज्यात एका संकटाची दुसऱ्या संकटाशी ओळख नव्हती. निदान दरबाराची तरी तशी समजूत होती.

राज्य पाखरांचे होते आणि ते मोठ्या तळ्याच्या काठच्या झाडांवर वसले होते. त्यांना भये दोनच: तळे आटण्याचे आणि माळावरचे कोल्हे काठावर उतरण्याचे. पाण्यावर खंड्याची नेमणूक होती, कोल्ह्यांवर पिंगळ्याची. कोण्या एका काळी या दोन पहारेकऱ्यांनी संगनमत करून खोटी आवई उठवली होती. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी कामाचा चकार शब्द बोलायचा नाही, असा कायदा झाला. भेट झालीच तर मध्ये दरबारचा एक साक्षीदार हवा.

खंड्या दर वर्षी आपल्या खडकावर एक खडा मांडी. तळे भरलेले असेल तर पांढरा, आटले तर काळा. समोरच्या काठावर पिंपळाखाली पिंगळाही तसाच खडा मांडी. कोल्हे दूर राहिले तर पांढरा, जवळ आले तर काळा. दोन्ही ओळी पणज्यांच्या वेळेपासून चालत आल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये अख्खे तळे होते.

पुढे झाडांवर दाटी झाली आणि तळ्यातल्या बेटावर वस्ती न्यावी असे राजहंसाच्या मनात आले. तिथे घरटी जमिनीवर बांधावी लागणार होती. धोका किती, हे पाहायचे काम विसाजी सारसाकडे आले. विसाजी हिशेबाला पक्का, आणि आपण पक्के आहोत हे जाणून असलेला. तो खंड्याकडे गेला. दहा खड्यांत एक काळा निघाला. पिंगळ्याकडे गेला, तिथेही दहात एक.

“तळं भरलेलं असेल तर कोल्ह्याला पोहोचता येणार नाही,” त्याने दरबारात सांगितले. “कोल्हे नसतील तर तळं आटलं तरी बेहत्तर. दोन्ही एकदम झालं तरच घात. दहातला एक आणि त्याचा पुन्हा दहातला एक. शंभर वर्षांत एखादं.”

“कपिलाषष्ठीचा योगच म्हणायचा,” राजहंस म्हणाला, आणि दरबार हसला. बेटाभोवती काटेरी कुंपण घालायचा विचार तिथेच बारगळला.

कोणाला शंका राहू नये म्हणून बेटावरचे पहिले घरटे विसाजीने आणि त्याची बायको भागा हिने बांधले. सारसांची हाक दोघांची मिळून एक असते. एकाने सूर काढला की दुसऱ्याच्या गळ्यातून उरलेला आपोआप निघतो. त्या दोघांची हाक बेटावर घुमू लागली आणि बाकीची पाखरे निर्धास्त झाली.

काही वर्षे सुखाची गेली. मग एका वर्षी पाऊस रुसला. तळे बेटाच्या बाजूने उथळ होत गेले, आणि त्याच दिवसांत भागा दोन अंड्यांवर बसली होती. खंड्याचा खडक कोरडा पडला, गुरे त्यावरून चालू लागली. खडे तुडवले जातात म्हणून त्याने ओळ पिंपळाखाली हलवायची परवानगी मागितली. साक्षीदार म्हणून विसाजी हजर राहिला आणि जागा वाचावी म्हणून त्यानेच खंड्याची ओळ पिंगळ्याच्या ओळीच्या वर, एकाच वर्षाचे दोन खडे वरखाली येतील अशी मांडली. यंदाचा खंड्याचा खडा काळाच होता. त्याच्याखाली पिंगळ्याची जागा अजून रिकामी होती.

मांडून झाल्यावर विसाजी मागे सरला, आणि दोन्ही ओळी त्याला प्रथमच एकदम दिसल्या. एखाददुसरा सोडला तर जिथे वर काळा, तिथे खालीही काळा होता.

त्याने चोचीने एक जोडी दाखवली. “हे साल कुठलं?”

“गवत उगवलंच नाही ते,” खंड्या म्हणाला.

“उंदीर संपले आणि कोल्हे उतरले ते,” पिंगळा म्हणाला.

दोघे एकमेकांकडे पाठ करून बोलत होते. एकाच सालाला दोन नावे होती आणि आजवर ती दोन्ही नावे एकत्र कोणी ऐकली नव्हती. आपणही ऐकली नव्हती, हे विसाजीला फार लागले.

तो तडक दरबारात गेला. “महाराज, कुंपण आजच घालायला हवं. शंभरात एक हे चुकलं.”

“तूच सांगितलं होतंस ते.”

“मीच. ओळी वेगळ्या पाहिल्या, म्हणून गोष्टीही वेगळ्या धरल्या. पाणी आटल्यावर कोल्ह्यांचं दहात एक उरत नाही.”

“मग किती उरतं?”

“जवळजवळ दहात दहा.”

राजहंसाने पंख नीट केले. कायद्याप्रमाणे आज पाण्याची सुनावणी होती, कोल्ह्यांची परवा. “पिंगळ्याचा खडा पडलेला नाही,” तो म्हणाला. “न पडलेल्या खड्यावर राज्य चालत नाही.”

विसाजी बेटावर परतला. भागा अंड्यांवरून उठायला तयार नव्हती. “उठून कुठं जाऊ? यांना चोचीत धरून नेऊ काय?” मग ती घरट्यावर आणि तो कुंपणाचे काटे रचण्यात, असा त्यांचा दिवस गेला. चोच रक्ताळली, तरी उताराची बाजू अर्धीही झाकली नाही. शेजारी बदके हसत होती.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना पिंगळा धापा टाकत दरबारात आला. त्याने तोंड उघडताच राजहंसाने पंख उचलला. “आधी खडा मांड. साक्षीदाराला बोलाव. मग बोल.”

निरोप मिळाला तेव्हा विसाजीच्या चोचीत बाभळीची फांदी होती. त्याने भागाकडे पाहिले. “जा,” ती म्हणाली. “खडा पडल्याशिवाय कोणी यायचं नाही.” तो उडाला.

पिंपळाशी पोहोचता पोहोचता बेटावरून भागाची हाक आली. त्याच्या गळ्यातून उरलेली अर्धी आपोआप निघाली. तो थांबून राहिला. पुन्हा हाक आली नाही.

पिंगळा काळा खडा चोचीत धरून ओळीशी उभा होता. मांडायला जागाच नव्हती. खंड्याच्या काळ्या खड्याखाली, धुळीत, एक पंजा उमटला होता, आणि त्याची बोटे बेटाकडे होती.