गजाबाने शॉवर बसवला

गाव कुठलंही धरा, त्यात एक भोळा गजाबा होता. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. घोळ तिथंच व्हायचा.

गजाबाची बहीण मालन, तिचा पहिलाच दिवाळसण. जावई विश्वासराव शहरातले, त्यांना आंघोळीला शॉवरच लागे. मालनने फोनवर बजावलं, "आई, न्हाणीत शॉवर बसवून घे गं. नाहीतर हे रुसतील आणि सासरी वर्षभर मला ऐकून घ्यावं लागेल."

आईने गजाबाला दुकानात पिटाळलं. त्याने प्लॅस्टिकचे पाइप, वळणाला एल्बो, शॉवर, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि गळती बुजवायचं सील आणलं. दुकानदार म्हणाला, "जोडाला सोल्युशन लावायचं आणि दाबून धरायचं. मध्येच सोडायचं नाही."

"बरं," गजाबा म्हणाला.

त्याने जोड दाबून धरला. अंगणातून आई ओरडली, "गजा, दूध बघ रे!"

"बघतोय!"

खरंच बघत होता. न्हाणीतून गॅसची शेगडी सरळ दिसायची. दूध वर आलं, ते बघितलं. उतू गेलं, तेही बघितलं.

आई धावत आली. "मेल्या, उतू जायला लागलं की पळत जाऊन गॅस बंद करायचा!"

"बरं."

दुपारी छपरावरची टाकी भरून वाहायला लागली. गजाबा पळत गेला आणि गॅस बंद करून आला. कढईतल्या चकल्या तेल पिऊन मऊ पडल्या, अंगणातली रांगोळी वाहून गेली. आईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! पाणी वाहायला लागलं की कॉक बंद करायचा रे!"

"बरं."

संध्याकाळी लेक-जावई आले. विश्वासराव नळावर हातपाय धुवायला गेले, तोंडाला साबण फासला. पाणी वाहत होतं. गजाबाने कॉक बंद केला. जावईबापू डोळे मिटून भिंत चाचपत बसले. घ्या! मालनचा जीव नुसता खालीवर.

आईने गजाबाला कोपऱ्यात घेतलं. "माणूस वापरतोय ते पाणी बंद करतात का, टोणग्या? वाया जातंय ते थांबवायचं. तो न्हाणीतला एल्बो गळतोय बघ. सील मळ आणि भोक बुजव. उद्या पहिली आंघोळ आहे, न्हाणीत एकही भोक गळता कामा नये!"

"बरं," गजाबा म्हणाला आणि लगेच कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालनने नवऱ्याला तेल लावलं, उटणं लावलं. विश्वासराव खुशीत न्हाणीत शिरले. आता शॉवर म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? पण पाण्याचा आवाज काही येईना. पूर्वेला उजाडायला लागलं. दिवस उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरक, असं अख्खं गाव म्हणतं. अंगावरचं उटणं वाळून तडकायला लागलं.

आतून आरोळी आली, "मालन, बॅग भर!"

मालनला रडू फुटलं. आई गजाबाकडे वळली. "कॉक बंद केलास?"

"नाही."

"टाकी रिकामी?"

"काठोकाठ भरलीय."

"मग पाणी कुठं अडलंय रे?"

गजाबाने छाती फुगवली. "आई, एल्बोचं एकच भोक होतं, ते लगेच बुजलं. पण दुकानदाराने आपल्याला फसवलं बघ! शॉवरला नुसती भोकंच भोकं, सगळी गळकी! मी पण सोडतो होय? एकूण एक बुजवलं. आता दाजींनी दिवसभर आंघोळ केली तरी थेंब गळायचा नाही!"