कोंडाबाईची कपार

जरा इकडे या, बाभळीच्या सावलीत. आता समोर बघा. कड्याच्या पोटावरून एक आडवी रेघ गेलेली दिसते? ती रेघ नाही, वाट आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलट्या पावली मागे जावं लागतं, एवढीच रुंद. हिला आम्ही कोंडाबाईची कपार म्हणतो. मधोमध जिथे कडा पुढे आलाय, ते तिचं नाक. नाकापाशी पोचलं की मागचं गाव दिसेनासं होतं आणि पुढचा माळ अजून दिसत नाही. दिसते ती फक्त खालची दरी. मागे एक पाहुणे उत्साहाच्या भरात गेले आणि तिथेच मटकन बसले. त्यांना आणायला दोर न्यावा लागला. गावातली पोरं हसली. मी त्यांना दटावलं. का दटावलं, ते ऐका.

गोष्ट फार जुनी. माझे वडील सांगायचे, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. हिवरदऱ्यातली आमची घरं तेव्हा नुकतीच ख्रिस्ती झाली होती. आजूबाजूचे लोक टोमणे मारत, आता बघू तुमचा नवा देव किती पावतो ते. त्यामुळे आमच्या लोकांनी मनाशी एक गाठ मारून ठेवली होती, की काही झालं तरी घाबरलेलं दिसायचं नाही. उपदेशक होते अंतोबा. उंच, धिप्पाड माणूस, आवाज असा की म्हणे प्रार्थनेला घंटा वाजवायची गरज पडत नसे. ते दर रविवारी सांगत, ज्याला भीती वाटते त्याचा विश्वास कच्चा. लोक माना डोलावत. घरी जाऊन दाराला आतून कडी लावत, ती गोष्ट वेगळी.

या सगळ्यांत कोंडाबाई एकटीच अशी होती, की तिला भीती लपवताच येत नसे. पाल चुकचुकली तरी दचकायची. सांज झाली की परसात जायला सोबत लागायची. ती थोरली जाऊ आणि सारजा धाकटी. दोघींचे नवरे सडकेच्या कामावर लांब गेलेले, घरात या दोघीच. सारजा मोठी धिटुकली. झऱ्यावर जाताना सारजा पुढे आणि कोंडाबाई मागे, आणि मागून कोंडाबाईचं अखंड चाललेलं, "सारजे, हायेस का गं?" पुढून उत्तर यायचं, "हाय मी, आक्का. चाल." पुन्हा चार पावलांनी तेच. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. अंतोबांनी एकदा भर सभेत कोंडाबाईकडे बघत कच्च्या विश्वासावर बोलून घेतलं, असंही सांगतात. ती मान खाली घालून बसली. घरी येऊन रडली. सारजा म्हणाली, "आक्का, तू इचारीत जा. मला काय तरास न्हाई."

त्या वर्षी वैशाखात पटकी आली.

पटकी म्हणजे काय ते तुम्हाला आता ठाऊक नसेल, आणि ते बरंच आहे. उलट्या आणि जुलाब सुरू झाले की माणसाच्या अंगातलं पाणी बघता बघता निघून जायचं. डोळे खोल जायचे, बोटं सुरकुतायची. सकाळी शेण गोळा करणारी बाई दिवस मावळायच्या आत मातीत. वस्तीत रडण्याचा आवाज थांबला, कारण रडणाऱ्या घरात लोक यायचे बंद झाले होते. कुत्री तेवढी विव्हळत. गावच्या पंचांनी आमच्या वस्तीला निरोप धाडला, की तुमची आजारी माणसं इथे ठेवायची नाहीत, पलीकडच्या माळावर न्या. माळावर मेंढक्यांची जुनी छपरं होती. सावली होती, पण पाणी थेंबभर नव्हतं. पाणी अलीकडे, या झऱ्याला. दरीत उतरून पलीकडे चढायचं तर दिवस मोडायचा. मधे ही कपार. तेव्हा तिच्यावरून शेळ्या जायच्या, माणसं सहसा जात नसत.

पहिल्याच खेपेला नेलेल्या आजाऱ्यांत सारजा होती. चौघांनी तिला झोळीत घालून दरीच्या वाटेने नेलं. कोंडाबाई झोळीमागे धावली, तर सारजानेच हात हलवून तिला मागे फिरवलं.

पाणी न्यायला अंतोबा स्वतः पुढे झाले. हे त्यांचं मोठेपण, ते नाकारायचं नाही. कपारीवर वरचा कातळ इतका खाली आलेला, की घागर डोक्यावर घेता येत नाही. ती कमरेवर घ्यावी लागते, आणि तीही दरीच्या बाजूच्या. भरलेली घागर माणसाला बाहेर ओढते. अंतोबांनी दोन दिवस पाणी नेलं. तिसऱ्या दिवशी नाकापाशी पाय सरकला. घागर गेली. ती खाली आदळल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की तोवर अंतोबा एका मुळीला धरून लोंबकळत तो आवाज ऐकायची वाट बघत होते, असं सांगतात. कसेबसे वर आले. घरी गेले, अंगावर घोंगडी ओढली आणि म्हणाले, मला ताप आलाय.

मग इतर पुरुषांना विचारलं. एकाचा गुडघा दुखत होता, एकाची कंबर धरली होती. एकाला आईला सोडून जाता येत नव्हतं. कुणी खोटारडा नव्हता हो. फक्त खरं बोलायची सोय नव्हती. मी घाबरलो म्हणायचं, तर विश्वास कच्चा ठरायचा. सगळे आपापल्या दारात गप्प बसले आणि पलीकडे माळावर माणसं पाण्यावाचून पडली.

पहाटे कोंडाबाई उठली. घागर भरली. कपारीच्या तोंडाशी आली तेव्हा तिचे पाय लटपटत होते आणि दात वाजत होते, वैशाखात. वाटेत ओकलीसुद्धा. लोकांना वाटलं, हिलाही पटकी लागली. तिला पटकी नव्हती, भीती होती. एका म्हातारीने विचारलं, "कुटं निगालीस गं?"

"सारजाकडं. लई भ्या वाटतंय मला, मामी. लई भ्या वाटतंय." असं म्हणत म्हणत ती कपारीत शिरली.

एक खांदा कातळाला, घागर दरीकडच्या कमरेला. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. खालून गरम वारा वर येत होता. चार पावलं गेली की ती ओरडायची, "सारजे, हायेस का गं?" आणि पलीकडून बारीक आवाज यायचा, "हाय मी, आक्का. चाल." त्या आवाजाला धरून ती पोचली. सारजाला पाणी पाजलं, बाकीच्यांना पाजलं, रिकामी घागर घेऊन परत आली. झऱ्यावर बसून ढसाढसा रडली आणि घागर पुन्हा भरली. असं तिने त्या दिवशी केलं, दुसऱ्या दिवशीही केलं. लोक म्हणाले, चला, कोंडाबाईची भीती मेली. कुठली मरतेय! तिसऱ्या सकाळी तर तिला धरून झऱ्यावरून उठवावं लागलं म्हणे, इतकी ती थरथरत होती.

त्या सकाळी ती नाकापर्यंत गेली आणि तिने हाक मारली. उत्तर आलं नाही.

पुन्हा मारली. दरीतून तिचीच हाक फिरून तिच्याकडे आली, आणि मग काहीच नाही. वर एक गिधाड घिरट्या घालत होतं. मागे बघावं तर गाव दिसत नाही, पुढे बघावं तर माळ दिसत नाही. कमरेवरची घागर बाहेर ओढतेय. उजवा पाय कापायला लागला. कापणाऱ्या पायाखालचे खडे निसटून खाली जायला लागले आणि त्यांचा आवाज ऐकू येईना. सारजा गेली, असं तिच्या मनात आलं. आता पुढे जायचं कुणासाठी? आणि मागे फिरायचं तर वळायचं कसं? तिच्या तोंडून हुंदकासुद्धा फुटेना.

मग ती बोलायला लागली. सारजाशी नाही. ती काय बोलली ते तिने पुढे स्वतःच सांगितलं, आणि आमच्याकडे ते आजवर जसंच्या तसं सांगतात:

"येसूबाबा, मला लई भ्या वाटतंय. उपदेशक म्हंत्यात, भ्यायचं न्हाई. पर त्येच म्हंत्यात, मरायच्या आदल्या राती तू बी त्या बागंत भ्यालावतास, रगताचा घाम आलावता तुला. मंग तुला ठावं हाय की कसं वाटतं. मला शूर करू नगंस, तेवढा येळ न्हाई. फकस्त बोल. हायेस का तू?"

आणि पुढून आवाज आला. "हाय मी. चाल."

बारीक आवाज होता, अगदी साधा. आभाळ फाटलं नाही, उजेड पडला नाही. तिला वाटलं, सारजाच बोलली. एवढंच तिला पुरेसं होतं. पाय कापत होता तो कापतच राहिला, पण सरकला. नाक ओलांडलं, माळ दिसला. ती छपरात शिरली तेव्हा सारजा डोळे उघडे ठेवून पडली होती. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. बाकीचेही तसेच, कुणात बोलायचं त्राण उरलेलं नाही. कोंडाबाईने पदर भिजवून सारजाच्या तोंडात थेंब थेंब पिळला. बऱ्याच वेळाने सारजाची जीभ सुटली.

कोंडाबाई म्हणाली, "बरं झालं बोललीस गं. न्हाईतर मी नाकावरच मेलेवते."

सारजा म्हणाली, "आक्का, मी न्हाई बोलले. तुझी हाक ऐकली, पर जीभच उचलंना. कुनीच न्हाई बोललं हितं."

कोंडाबाईने एकेकाचा चेहरा पाहिला. मग ती घाबरली. अशी घाबरली, की म्हणे त्याआधीची सगळी भीती त्यापुढे काहीच नव्हती. ती तिथेच मातीवर पालथी पडली आणि कितीतरी वेळ उठली नाही. सारजाच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सारजा जगली. माळावरची सगळी जगली नाहीत. त्यांच्या समाध्या पलीकडे आहेत, इथून पांढऱ्या दिसतात त्या. जी जगली ती त्या पाण्यावर जगली. ही हकिगत वस्तीत पोचली त्या रविवारी अंतोबा उपदेशासाठी उभे राहिले. मग घंटेसारख्या आवाजाचा तो माणूस कुजबुजल्यासारखा म्हणाला, "मला ताप नव्हता. मी भ्यालो होतो." आणि ते खाली बसले. त्या दिवशी दुसरा उपदेश झाला नाही. मग गुडघेदुखीवाला उठला आणि म्हणाला, मीही. मग कंबरवाला. असं करत अर्धी वस्ती उठली. दुसऱ्या दिवसापासून कपारीवर पाणी नेणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकजण भेदरलेला, आणि प्रत्येकजण मोठमोठ्याने ते सांगत चाललेला. पुढचा मागच्याला ओरडून म्हणत होता, हाय मी, चाल.

कोंडाबाई त्यानंतर शूर झाली, असं आमच्यात कुणी सांगत नाही. म्हातारपणीही परसात जाताना ती सारजाला हाक मारायची. फक्त कुणी हसत नसे.

आजही उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या गावातल्या बाया आणि पुरुष हातात पाण्याचा तांब्या घेऊन ही कपार ओलांडतात. एकेकट्याने जायचं. नाकापाशी थांबून आपल्याला कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं. कुणी मुलीच्या दुखण्याचं सांगतो, कुणी दारूचं, कुणी मरणाचं. सांगून झालं की विचारायचं, आहेस का? आधी पलीकडे पोचलेला माणूस तिकडून म्हणतो, हाय मी, चाल. मग जाऊन आपल्या तांब्यातलं पाणी त्याला पाजायचं. तिथे कुणी काय सांगितलं, ते पुन्हा तोंडातून काढायचं नाही. भांडणातसुद्धा नाही. तेवढा एक नियम आम्ही पाळतो.

आता तुमच्या मनात काय आलंय ते मला कळतंय. सगळ्यांच्या मनात येतं. जो सगळ्यांत पहिला जातो, त्याला उत्तर कोण देतं?

त्याच्यासाठी पलीकडे कुणाला उभं करायचं नाही, हा जुना पायंडा आहे. पहिला माणूस नाकावर उभा राहतो, हाक मारतो, आणि इकडे सगळं गाव श्वास रोखून थांबतं. त्याला काय उत्तर येतं ते इथवर ऐकू येत नाही. कधी घटकाभर वेळ जातो, कधी ऊन चढतं. ज्या वर्षी माझी बायको गेली, त्या वर्षी मी पहिला गेलो होतो. रिकाम्या घराची भीती वाटते, असं ओरडून सांगितलं.

मला काय ऐकू आलं ते विचारू नका. नाक ओलांडून मी पलीकडे पोचलो आणि माझ्या मागून येणाऱ्याला इथल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "हाय मी. चाल."