दुकानाच्या नावाची किंमत

एकदा एका पेठेतल्या व्यापाऱ्याने हिंगाचे एक जुने, नावाजलेले दुकान विकत घेतले. मालाच्या किमतीवर त्याने आणखी दोन लाख रुपये मोजले, ते केवळ दुकानाच्या नावासाठी. वहीत त्याने ते दुकानाची मालमत्ता म्हणून मांडले. पुढे कित्येक वर्षे हे दोन लाख सोवळ्यात ठेवल्यासारखे जसेच्या तसे राहिले. त्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

मग त्याच्या दिवंगत मित्राची पत्नी आपली सारी पुंजी घेऊन भागीदारीसाठी आली. पदरी दोन मुले होती आणि दुसरा आधार नव्हता. दुकानाचे खरे मोल ठरवण्यासाठी व्यापाऱ्याने हिशेबशास्त्रातल्या एका वृद्ध आचार्यांना बोलावले.

आचार्यांनी माल तपासला. नावाच्या रकमेपाशी येताच मात्र त्यांनी वही मिटली आणि शिष्याला घेऊन ते समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. दुपार झाली तरी उठेनात. आकडे सोडून गिऱ्हाइके न्याहाळत बसणे शिष्याच्या काही पचनी पडेना.

संध्याकाळी आचार्य व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, तुमचं गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुडी सोडून वास घेऊन बघतं. आधीच्या मालकाच्या वेळीही बघायचं का?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "नाही गुरुजी. तेव्हा लोक डोळे झाकून हिंग न्यायचे. मधली काही वर्षं मी पीठ जरा सढळ हाताने मिसळलं."

"पण दुकान तर चालतंय," शिष्याला राहवले नाही.

"चालतंय, कारण पेठेत हिंगाचं दुसरं दुकान नाही," आचार्य शांतपणे म्हणाले. "शेठनी दोन लाख दिले होते ते लोकांच्या विश्वासाचे. माल दरवर्षी तपासतो, तसा तोही तपासायला हवा. तो आटला तर आकडाही उतरवायचा. नाहीतर यांच्याकडे नसलेली वस्तू त्या बाई विकत घेतील."

व्यापाऱ्याला फार वाईट वाटले. तरी त्याने स्वतःच्या हाताने दोन लाखांवर रेघ मारली आणि उरलेल्या विश्वासाचे पन्नास हजार लिहिले. मग बाईंना म्हणाला, "वहिनी, दुकानाचं मोल उतरलं, तेव्हा तेवढ्याच पैशांत तुमचा हिस्सा आता मोठा होतो."

परतताना शिष्य हळहळला, "बिचाऱ्याचे आज दीड लाख गेले."

"ते केव्हाच गेले होते," आचार्य म्हणाले. "आज त्याने ते फक्त कबूल केलं."