खोऱ्यातली भरलेली जागा

एका राज्यात एकदा वैद्यांचा आणि सुइणींचा फार तुटवडा पडला. राजाने त्यावर योजना मागवली आणि ते काम वृद्ध राजवैद्यांच्या शिष्याकडे आले. शिष्य हुशार, मेहनतीही. सहा महिने खपून त्याने साऱ्या राज्याचा तक्ता मांडला: कुठली जागा भरलेली, कुठली रिकामी. रिकाम्या जागांसाठी शंभर नवे विद्यार्थी घ्यायचे, सहा वर्षे शिकवायचे. योजना चांगलीच होती हो. अशा योजना चांगल्याच असतात.

राजवैद्यांनी तक्ता पाहिला आणि एका डोंगराळ खोऱ्यावर बोट ठेवले. तिथे अकरा गावांत मिळून धुरपदा नावाची एकच सुईण होती. येत्या अमावास्येला आपण काम सोडून माहेरी जाणार, असा तिचा निरोप आला होता. ती गेली की अकरा गावांतल्या बाळंतिणींना कोणी नव्हते. शिष्य म्हणाला, की तिथली जागा भरलेली असल्याने ते खोरे योजनेत धरलेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे तिथे पोहोचले. हे आपली समजूत घालायला आले, असे धुरपदेला वाटले. पण राजवैद्यांनी तिला काहीच विचारले नाही. बहिणीकडे जाऊन तीन दिवस नुसती झोप, एवढे सांगितले, तिच्या ओसरीवर शिष्याला बसवले आणि स्वतःही तिथेच थांबले. शिष्य मनातून चिडला. राज्याची योजना बाजूला ठेवून गुरुजींनी हे काय मांडले आहे, ते त्याला उमगेना.

पहिल्या दिवशी दोन बाळंतपणे झाली, तीही दोन वेगळ्या डोंगरांवर. दुसऱ्या दिवशी जेवायला सवड मिळाली नाही. तिसऱ्या दुपारी एक बाई तापाने फणफणलेले तान्हे मूल घेऊन आली, आणि शिष्याने मोठ्या माणसाचे औषध त्याच्या तोंडाशी नेले. राजवैद्यांनी त्याचा हात धरला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले, आणि त्याने ते औषध बाजूला ठेवले.

योग्य औषध घेऊन ती आई घरी गेली, मग गुरुजी बोलले. त्यांचाही आवाज थकलेला होता.

"तुझी विद्या कुठे गेली नाही, बाळा. तू दमलास, एवढेच. ही बाई नऊ वर्षे दमते आहे आणि आपण तिला भरलेली जागा म्हणतो. नवी माणसे जरूर आण. पण असलेल्यांना विसावा दिला नाहीस, तर त्या शंभर जणांनाही तू असाच दमवशील. मी जन्मभर तेच केले."

शिष्याला रडू आले. ते त्याने लपवले नाही.

संध्याकाळी धुरपदा परतली. बरे वाटत होते तिला, पण बोचके बांधलेलेच होते. शिष्य उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, दर महिन्याला तीन दिवस तुमच्या जागी माणूस येईल. दुसरे कोणी मिळेपर्यंत मीच येईन."

धुरपदेने बोचके ओसरीवर ठेवले.

"मग एक महिना थांबते, वैद्यबुवा," ती म्हणाली. "नाही आलात, तर मात्र मला अडवू नका."