लवंगीच्या नावचं बीळ

त्या राज्यात थंडी दरसाल वाढत होती आणि उबदार बिळं होती तेवढीच राहिली होती. राज्याच्या टोकाला एक टेकडी होती. तिच्या पोटात ऊन पाण्याचे झरे होते आणि त्यांच्या वाफेवर तिथली सारी बिळं हिवाळाभर कोमट राहत. दव गोठायच्या आत ज्याला बीळ मिळालं, तो पुढचा वसंत बघे. ज्याला मिळालं नाही, त्याची चौकशी सहसा कुणी करत नसे.

बिळं वाटायचं काम काटेराव नावाचा साळिंदर करी. टेकडीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीखाली त्याची बैठक. त्याच्याजवळ ना यादी होती, ना टिपण. येणाऱ्याच्या चालीवरून, वासावरून, नुसत्या खोकल्यावरूनही तो अमका कोण हे बरोबर सांगे. म्हणून तो भला होता असं मात्र कुणी म्हणणार नाही. गोड कंद घेऊन येणाऱ्याला झऱ्यालगतचं बीळ आणि रिकाम्या तोंडाने येणाऱ्याला अगदी वरचं, वारा शिरणारं, असा त्याचा सरळ व्यवहार. लवंगी धामणीला सलग तीन हिवाळे वरचंच मिळालं होतं. कंद उकरायला तिला पाय नव्हते आणि काटेरावाशी गोड बोलायला जीभ वळत नव्हती.

लवंगीच्या खडकाच्या दुसऱ्या अंगाला कवचीकाकू राहायची. कासवाच्या जातीची, वयाने पोक्त, चालायला संथ आणि चौकशीला तेज. कुणाची अंडी कधी फुटली, कुणाची पोरं कुणाशी बोलेनाशी झाली, हे तिला त्या घरच्यांच्या आधी ठाऊक असे. पण लवंगी आजारी पडली की ओलं शेवाळ घेऊन पहिली तीच निघे. पोचायला दुपार होई, तो भाग वेगळा.

एका वर्षी पावसाळा सरता सरता राजधानीहून कोळी आले. शेकड्यांनी आले. त्यांनी टेकडीच्या प्रत्येक बिळाला रेशमाचं दार विणलं, प्रत्येक दाराचा एक दोरा काढला, सगळे दोरे पायथ्याशी एका गाठीत आणले आणि ती गाठ झाडावरून झाडावर, माळावरून माळावर थेट राजधानीपर्यंत ओढून नेली. तिथे म्हणे एक मोठा कोळी बसतो. त्याला कुणी पाहिलेला नाही, पण तो काही विसरत नाही. दवंडी पिटली गेली: यापुढे कुणाची मर्जी नको आणि कुणाला कंद नको. डिंकाच्या पापुद्र्यावर अंगाचा ठसा द्यायचा. दोरा ओळखील, दार उघडील.

सगळ्यात जास्त आनंद लवंगीला झाला. "काकू, दोरा काही कंद खात नाही," ती म्हणाली. "या वर्षी मला खालचं बीळ मिळतंय बघा."

"मिळतंय काय, मिळालंच समज," कवचीकाकू म्हणाली आणि ती बातमी सांगायला चार घरं हिंडून आली.

नोंद पौर्णिमेला बंद होणार होती. नेमकी त्याच दिवसांत लवंगी कात टाकायला आली होती. तिचं अंग मातकट पडलं होतं, डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता. धामणीच्या घराण्यात अशा दिवसांत उंबरा ओलांडत नाहीत.

"आठ दिवसांनी जाते, काकू. आत्ता मला समोरचा दगड दिसत नाही."

"आठ दिवसांनी तिथे तुझी कोण वाट बघत बसलंय? परवा बंद होतंय सगळं. आणि तुला तिथे बघायचंय काय? अंग तर दाबायचंय. चल, माझ्या पाठीला लागून ये."

असं म्हणून काकूने तिला नेलंच. दोन दिवस लागले, पण पौर्णिमेच्या दुपारी दोघी पोचल्या. पायथ्याशी नोंदीच्या खिडकीवर तंतोजी नावाचा कोळी होता, बारीक, थकलेला, आठही डोळ्यांखाली काळं आलेला. त्याने लवंगीला पापुद्र्यावर लांब निजवलं. तिच्या गळ्याखाली बोराटीच्या काट्याने ओरबाडलेली तीन खवलं होती, पोटाची रेघ दगडावर घासून पुसट झाली होती. सगळं जसंच्या तसं उमटलं. दोरा गुणगुणला.

"झाली नोंद," तंतोजी म्हणाला. "आता हा ठसा म्हणजे तुम्ही."

आठ दिवसांनी लवंगीने कात टाकली. आतून निघालेलं अंग लखलखीत होतं. गळ्याखालची खवलं भरून आली होती, पोटाची रेघ नवी कोरी, आणि अंगाने ती बोटभर जाड झाली होती. टाकलेली कात तिने घडी करून दगडाखाली ठेवली. पुढची निघेपर्यंत मागची फेकायची नाही, ही त्यांच्यातली रीत. वर्षभर जिने अंग सांभाळलं तिला लगेच वाऱ्यावर कशी सोडायची?

वाटपाच्या दिवशी पायथ्याशी ही रांग लागली. कवचीकाकूने पाठ टेकली मात्र, दोरा गुणगुणला आणि खाली झऱ्याच्या बाजूला दार सर्रकन सरकलं. साठ वर्षांत तिच्या पाठीवरची एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. ती कौतुकाने बाजूला उभी राहिली. "आता हिचं बघा हो पटकन, हिला फार थंडी सोसत नाही."

लवंगीने अंग दाबलं. दोरा गप्प.

"पोट पुसून घ्या," तंतोजी म्हणाला.

तिने पोट पुसलं. दोरा गप्प.

मग सांज झाली आणि दव पडलं. तंतोजीने खिडकीवर पान लावलं: जाळं ओलं आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी जाळं ओलं होतं. तिसऱ्या दिवशी ते वाळलं, तर माळावर कुठल्या तरी बैलाचं शिंग अडकून दोरा तुटलेला होता. चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं, जाळं तारेसारखं ताठ झालं, आणि लवंगीचं अंग तेव्हाही जुळलं नाही.

"अहो, ही तीच आहे!" काकू तडकली. "पौर्णिमेला तुम्हीच तर निजवलीत हिला. एवढे आठ डोळे दिलेत देवाने, ते काय शोभेला?"

"माझे आठही डोळे सांगतात की ह्या त्याच," तंतोजी खाली मान घालून म्हणाला. "पण दार माझ्या डोळ्यांनी उघडत नाही, काकू."

"मग ठसा बदलून घ्या. कात टाकली तिने, चोरी नाही केली."

"बदलता येतो की. सोय आहे. आधी जुना ठसा जुळवायचा, म्हणजे बदल मागणारी तीच आहे हे सिद्ध होतं. मग नवा घ्यायचा."

काकूला हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती वळली आणि करवंदीच्या जाळीकडे गेली. काटेराव तिथेच बसत होता अजून. समोर कुणी नव्हतं. मागच्या वर्षीचे कंद सुकून त्याच्या शेजारी पडले होते.

"काटेराव, ही कोण?"

काटेरावाने मानही वर केली नाही. "लवंगी. डाव्या वळणाला जरा रेंगाळते. तिची आईही तशीच रेंगाळायची."

"मग चला, सांगा की त्यांना."

तो आला. काटे खुळखुळवत खिडकीपाशी उभा राहिला आणि त्याने सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. तंतोजीनेही अदबीने ऐकलं आणि विचारलं, "हे जाळ्यात कुठे अडकवू, काका?" "तीन हिवाळे मी हिला वरचं दिलं," काटेराव म्हणाला, पण ते कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग तो परत गेला.

त्या दिवशी सकाळी गवताची टोकं पांढरी दिसली होती. कवचीकाकूला रात्रभर झोप लागली नव्हती. आपणच हिला आंधळी असताना ओढून नेली, हे तिच्या पाठीवर दगडासारखं बसलं होतं. आणि चालता चालता तिला एकदम सुचलं. "लवंगे, तुझी कात कुठाय गं? ठसा तिचाच आहे ना? मग तिलाच दाबू!"

कात आणली. तंतोजीने ती उलगडून पापुद्र्यावर ठेवली. गळ्याखाली तीन ओरबाडलेली खवलं, पोटाची पुसट रेघ. दोरा असा गुणगुणला की रांगेतल्यांनी टाळ्या पिटल्या. खाली, अगदी झऱ्यालगतच्या एका बिळाचं दार सरकलं आणि आतून वाफेचा उबदार लोट आला. लवंगी धावलीच. तिचं डोकं उंबऱ्याला लागलं, तोच दार मिटलं.

"आत जाणाऱ्याचं अंग जुळायला हवं," तंतोजी कळवळून म्हणाला.

"मग घाल ती अंगात!" काकू म्हणाली. "तुझीच आहे ना!"

आणि लवंगीने भर रांगेसमोर स्वतःच्या कातेत शिरायचा प्रयत्न केला. शेपटीकडून केला, तोंडाकडून केला. गळ्यापर्यंत गेली आणि अडकली. कात चरचरली.

"थांबा, थांबा! फाटली तर आहे तो ठसाही जाईल!" तंतोजी ओरडला.

ती थांबली. हळूहळू मागे सरत बाहेर आली. लहान पोरं हसत होती, त्यांच्या आयांनी त्यांना दाबलं. तंतोजीने सूर्याकडे बघितलं. मिळालेलं बीळ सूर्यास्तापर्यंत रिकामं राहिलं तर वाटप रद्द, असा नियम होता. तो त्याने सांगितला.

"असं कर," काकू म्हणाली, "आत्ता कात आत जाऊ दे. बीळ तुझ्या नावावर तरी राहील. मग बघू काय करायचं ते."

लवंगीने तिच्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय तर जाऊ दे."

चार मुंग्यांनी कात उचलली, दार सरकलं, ती आत गेली, दार मिटलं. राजधानीला कळलं की लवंगी धामण झऱ्यालगतच्या बिळात पोचली.

शेजारचंच बीळ काकूचं. तिने लवंगीला आपल्याकडे ओढून बघितलं, पण एका बिळात दुसरा श्वास लागताच दोरा थरथरू लागला, आणि लवंगीच निघून गेली. "तुमचंही जाईल, काकू," एवढंच म्हणाली. थंडी पडली तशी दारं वसंतापर्यंत मिटली. लवंगी आपल्या नावच्या बिळाच्या उंबऱ्याशी वेटोळं घालून बसली. दाराच्या कडेने केसाएवढी वाफ बाहेर येई, तेवढ्यावर.

काकू आतून दाराला तोंड लावून विचारी, "लवंगे, आहेस का गं?"

"आहे."

"तंतोजीकडे तक्रार लावलीय मी. दोऱ्यावर तीनदा पाठ आपटली."

"मग?"

काकूला उत्तर आलं होतं, पण ते तिने सांगितलं नाही. उत्तर असं होतं: सदर बिळातील रहिवाशाची कोणतीही तक्रार नाही.

ती जगभरच्या गोष्टी सांगत बसे. कुणाच्या बिळात कोण घोरतं, कुणाच्या सुनेने काय टोमणा मारला. लवंगी कधी हसे. पुढे पुढे नुसती "हं" म्हणे. मग तो "हं" यायलाही इतका वेळ लागे की काकूचं पुढचं वाक्य त्याच्यावर चढे.

एका सकाळी तो आलाच नाही.

काकूने हाका मारल्या, पाठ दारावर आपटली. दार वसंताशिवाय उघडणार नव्हतं. मग ती वळली आणि दोन बिळांमधल्या भिंतीच्या फटीला तिने डोळा लावला. पलीकडे कात पडली होती. झऱ्याची वाफ गळ्याच्या भोकातून तिच्यात शिरत होती आणि ती शेपटीच्या टोकापर्यंत गोल, टम्म फुगली होती, पोटभर जेवून पडल्यासारखी. मध्येच ती हलकेच हाले, आणि तिच्या वरचा दोरा समाधानाने गुणगुणे.

बाहेर पावलं वाजली. राजधानीहून कुणी मोठे पाहणीला येणार होते, म्हणून मुंग्या उंबरे झाडत चालल्या होत्या.

"ही बघ, दारातच कात टाकून ठेवलीय कुणीतरी," एक म्हणाली.

"ती कात नाही गं! लवंगी आहे ती!" काकू आतून ओरडली. "तिला फेकू नका, जरा उन्हात न्या!"

मुंग्या थबकल्या. दोघी-तिघींनी वाकून बघितलं. अंग चपटं, करडं, कडक झालेलं. मग त्यांच्यातल्या थोरलीने दाराच्या दोऱ्याला कान लावला. दोरा गुणगुणत होता.

"बाई आत आहेत," ती म्हणाली. "मजेत आहेत. उचला हे."

त्यांनी तिला शेपटीकडून धरलं आणि उतारावरून ओढत नेलं. आत, उबेत, कातेने कूस बदलली.